रोडमॅपवर आहे!

खराडी किंवा बाणेरच्या कुठल्याही काचेच्या इमारतीत दुपारी तीनच्या सुमारास शिरा, हा गृहस्थ व्हाइटबोर्डसमोर मार्कर घेऊन उभा असतो. तो कोड लिहीत नाही, ते इंजिनिअरांचं काम. स्क्रीनची चित्रं डिझायनर काढतो. माल खपवायला सेल्सवाले आहेत. मात्र कोड रखडला, चित्र फसलं किंवा माल खपला नाही, की सगळ्यांच्या माना याच्याकडे वळतात. याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. काय बनवायचं हे ठरवण्यासाठी त्याला पगार मिळतो आणि काय बनवायचं नाही हे लोकांना पटवण्यात त्याचा दिवस जातो.

त्याचे वडील टेल्कोतून निवृत्त झालेले. त्यांच्या वेळी सोपं होतं. रस्त्यावरून ट्रक गेला की "हा आमचा" म्हणून बोट दाखवता यायचं. मुलाच्या कामाबद्दल कोणी विचारलं, तर "कंप्युटरमध्ये आहे" याच्या पुढे ते जात नाहीत. एकदा त्यांनी चिकाटीने विचारलं, "अरे, पण तू नक्की करतोस काय?" याने अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन बाबा म्हणाले, "म्हणजे मीटिंगा."

आपल्या धंद्याची वंशावळ मात्र त्याला तोंडपाठ आहे. मूळ पुरुष नील मॅकेलरॉय. 1931 साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती बघत होता. एकेका साबणाची सगळी जबाबदारी उचलणारा एकेक माणूस हवा, असं त्याने तीन पानी टिपण लिहून वरिष्ठांना कळवलं. त्यातून 'ब्रँड मॅन' जन्माला आला आणि त्याचीच पुढची पिढी सॉफ्टवेअरमध्ये शिरली. हाच मॅकेलरॉय 1957 साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्या कारकिर्दीत 1958 मध्ये 'आर्पा' ही संशोधन संस्था निघाली आणि तिच्या नेटवर्कमधून पुढे इंटरनेट उगवलं. साबणापासून इंटरनेटपर्यंतची ही मिळकत वारसाहक्काने आपलीच, अशी आपल्या नायकाची समजूत आहे. त्या तीन पानांपुढे त्याची स्वतःची टिपणं बरीच लांब असतात. ती शेवटपर्यंत वाचणारा माणूस मात्र कंपनीला अजून सापडलेला नाही.

त्याची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते: अपॉइंटमेंट, प्रिस्क्रिप्शन, बिल. कोल्हापूरच्या डॉक्टरांना बिल मराठीत हवं. नाशिकच्या मॅडमना दोन अक्षरं टाइप करताच औषधाचं नाव यायला हवं. सोलापूरच्या कंपाउंडरला, डॉक्टर केबिनमध्ये नसताना "आहेत" असं दाखवणारं बटण हवं. आणि झाडून सगळ्यांना सगळं एक्सेलमध्ये हवं. दोन वर्षं खपून बनवलेल्या रंगीत आलेखांसमोर बसून डॉक्टर विचारतात, "हे एक्सेलमध्ये येईल का?"

या सगळ्यांना "नाही" म्हणायचं असतं आणि तो शब्द तर त्याने नोकरीला लागल्यापासून उच्चारलेला नाही. त्याऐवजी त्याच्याकडे चढत्या श्रेणीची उत्तरं आहेत. "नोंद घेतलीय" म्हणजे ऐकलंसुद्धा नाही. "बॅकलॉगमध्ये टाकतो" म्हणजे सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी ती गोष्ट आता दप्तरी लागली. "यामागचा यूज केस काय?" म्हणजे तुम्हीच थकून जा. "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणजे तोवर तुम्ही किंवा मी नोकरी बदललेली असेल. आणि "रोडमॅपवर आहे" हे सगळ्यांत वरचं. ते ऐकून समोरचा समाधानाने फोन ठेवतो.

फक्त सेल्सचा माणूस फोन ठेवत नाही, कारण तो समोरच उभा असतो.

"अरे, ते मराठी बिलाचं कधी होतंय?"

"रोडमॅपवर आहे."

"ते ठीक आहे. पण मी कोल्हापूरला पंधरा तारीख सांगून बसलोय."

फीचर ठरवायच्या शास्त्रशुद्ध पद्धती नाहीत असं नाही. पद्धतींचीच रेलचेल आहे. त्याची लाडकी पद्धत 'राइस', इंटरकॉम कंपनीत निघालेली. फीचर किती लोकांपर्यंत पोहोचेल, किती फरक पाडेल आणि या अंदाजांवर आपला किती विश्वास आहे, हे तीन आकडे गुणायचे आणि लागणाऱ्या मेहनतीने भागायचे. फरकासाठी 3 पासून 0.25 पर्यंतचे ठरलेले गुण असतात. विश्वासाचे साधारण तीन भाव: 100, 80 आणि 50 टक्के. येणाऱ्या उत्तरांप्रमाणे यादी लावली की वाद संपला.

एका सोमवारी फाउंडर विमानातून उतरले ते पेशंटशी गप्पा मारणाऱ्या एआय बॉटची कल्पना घेऊनच. याने प्रामाणिकपणे शीट उघडली. 200 दवाखाने, फरक 1, विश्वास 50 टक्के, मेहनत चार महिने. उत्तर आलं 25, म्हणजे यादीच्या तळाशी. फाउंडर शीटकडे न बघता याच्याकडे बघत राहिले. तेव्हा याच्या लक्षात आलं की फरक बहुधा 3 असावा. जरा विचार केल्यावर विश्वासही वाढून 80 झाला. इंजिनिअर जेवायला गेलेले असताना मेहनत दोन महिन्यांवर आली. उत्तर 240. बॉट यादीच्या शेंड्यावर पोहोचला आणि "बघा, डेटाच सांगतोय," असं फाउंडर सगळ्यांना सांगू लागले.

याला लबाड म्हणायच्या आधी त्याची अडचण पाहायला हवी. कुठलं फीचर चालेल हे कोणालाच कळत नाही, मोठमोठ्यांनाही नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये कल्पना लोकांवर रीतसर आजमावून बघितल्या, तेव्हा ज्या आकड्यासाठी त्या काढल्या होत्या तो जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनीच सुधारला, असं तिथल्या प्रयोगांचे तेव्हाचे प्रमुख रॉन कोहावी यांनी लिहून ठेवलं आहे. त्याच कंपनीच्या बिंग या सर्च इंजिनवर 2012 साली कोणीतरी जाहिरातींचे मथळे जरा वेगळ्या तऱ्हेने दाखवायचं सुचवलं. काम मोजक्या दिवसांचं. पण कल्पना शेकडो होत्या आणि ठरवणाऱ्यांनी हिला खालचा क्रम दिला. सहा महिन्यांहून जास्त काळ ती तशीच पडून राहिली. शेवटी एका इंजिनिअरने चाचणी लावून टाकली, तर उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरांहून जास्त. हा किस्सा आपला नायक नवीन मुलांना कधीच सांगत नाही. इंजिनिअर मात्र दर महिन्याला त्याला तो सांगतात.

तो सांगतो आयफोनचा किस्सा. 2007 साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये कॉपी-पेस्ट नव्हतं. ते यायला 2009 उजाडलं आणि तोवर फोन धडाधड विकला गेला. म्हणजे मराठी बिलाविना कोल्हापूरचं काही अडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. यावर टेस्टिंगमधली मुलगी मायक्रोसॉफ्ट वर्डचा दाखला देते. तिथे कंपनीने मोजदाद केली तेव्हा सर्वाधिक वापराची आज्ञा 'पेस्ट' निघाली. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांतच जवळपास एक तृतीयांश वापर संपत होता. लोक जी नवीन फीचर्स मागत होते, त्यांतली कितीतरी वर्डमध्ये आधीपासून होती, फक्त सापडत नव्हती. म्हणून 2007 च्या ऑफिसमध्ये मेनूच बदलून टाकले. "आपल्याकडेही एक्सेलचं बटण आहे," ती म्हणते. "सेटिंग्जमध्ये, तिसऱ्या टॅबखाली." याला ते माहीत नव्हतं.

घरी तरी सुटका व्हावी, तर बाबा नॅनो गाडीचा विषय काढतात. 2009 साली नॅनो बाजारात आली. किंमत लाखात बसवायची म्हणून काय काय वगळलं, याची यादी ते बोटांवर मोजतात. वायपर एकच. बाहेरचा आरसा एकाच बाजूला. चाकाला नट तीनच. आणि मागची डिकी बाहेरून उघडत नाही, सामान ठेवायचं तर मागची सीट पाडा. उघडणारी डिकी आली 2015 च्या मॉडेलला. "एमव्हीपी होतं, बाबा, चालण्यापुरतं कमीत कमी," हा समजावतो. बाबा म्हणतात, "गिऱ्हाइकाला नट किती ते दिसत नाही रे. डिकी दिसते."

ऑगस्टमध्ये सोसायटीच्या गणेशोत्सवाची मीटिंग होती आणि याला राहवलं नाही. 'मॉस्को' ही पद्धत 1994 साली ओरॅकलच्या डाय क्लेग यांनी काढली: हवंच, हवं, जमलं तर, यंदा नाही. याने लॅपटॉप उघडून चार रकाने पाडले. मूर्ती, आरती, प्रसाद 'हवंच'मध्ये. मुलांच्या स्पर्धा 'हवं'मध्ये. रांगोळी 'जमलं तर'मध्ये गेली, तेव्हा बी विंगमधल्या तीन काकू उठून गेल्या. ऑर्केस्ट्रा त्याने बजेटचा हिशेब दाखवत 'यंदा नाही'मध्ये टाकला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आभारप्रदर्शन करता करता खजिनदार काका म्हणाले, "मांडणी छान केलीस हो. ऑर्केस्ट्राला ॲडव्हान्स दिलाय मी मागच्याच आठवड्यात."

त्याला एवढंही वाईट वाटलं नाही. रोजची सवय होती.

खरी पंचाईत मार्चमध्ये होते. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'या वर्षात आणलेली फीचर्स' असा रकाना असतो. 'अडवलेली फीचर्स' असा नसतो. सोलापूरच्या कंपाउंडरचं बटण त्याने होऊ दिलं नाही, पेशंटला वाढदिवशी इंजेक्शनवर सवलत देणारी कूपनं होऊ दिली नाहीत. वर्षातलं त्याचं उत्तम काम हेच, आणि ते लिहायला जागाच नाही. मग तो बॅकलॉग उघडतो, सगळ्यांत कमी मेहनतीची गोष्ट शोधतो आणि त्याला डार्क मोड सापडतो.

"दिवसाढवळ्या ट्यूबलाइटखाली बसलेल्या डॉक्टरांना काळा स्क्रीन कशाला?" इंजिनिअर विचारतो.

"मागणी आहे," तो म्हणतो आणि विश्वासाच्या रकान्यात 100 टक्के भरतो.