बसा ना भाऊ, जरा आयकून पाहा

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत, नव्या वस्तीत, आणि खरं सांगायचं तर वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हा माणूस असतोच. त्याच्याकडे एक जुनी गाडी असते, आणि ती जुनी आहे एवढं सोडून गाडीबद्दल तो सगळं बोलतो. आमच्याकडच्या नमुन्याची गाडी म्हणजे 2008 सालची डिझेल इंडिका. 15 वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून त्यांनी आणखी 5 वर्षांची मुदत आणली. दुसरा कोणी असता तर त्या आनंदात टायर बदलले असते. यांनी डेक बदलला.

त्यांना आपण साउंडभाऊ म्हणू. समोर म्हटलं तरी राग येत नाही, उलट कॉलर ताठ होते. ते बँकेत साहेब असू शकतात, झेडपीत बाबू असू शकतात, नाहीतर नुसतेच कास्तकार. ओळखायची खूण एकच. शर्टाच्या खिशात पेन नसतो, पेन ड्राइव्ह असतो.

अमरावतीहून बडनेरा जेमतेम 10 किलोमीटर. मुंबई-हावडा मेन लाइन बडनेऱ्यावरून गेलेली, त्यामुळे अमरावतीकरांच्या कितीतरी पाहुण्यांना अजूनही इथंच उतरावं लागतं. त्यांना घ्यायला जायचं म्हटलं की साउंडभाऊ एका पायावर तयार. नातेवाईक या परोपकाराचं कौतुक करतात. खरी गोष्ट अशी, की चालत्या गाडीत बसलेला पाहुणा पळून जाऊ शकत नाही.

पाहुणा बॅग घेऊन डिक्कीकडे वळला की भाऊ आडवे येतात. "थितं नोका ठेवू, थितं ऊफर हाय." डिक्कीत 12 इंची ऊफरचा डबा, त्याच्या पाठीला अ‍ॅम्प, आणि उरलेल्या जागेत वायरींचा गुंता. मग एक बॅग पाहुण्याच्या मांडीवर, दुसरी पाहुणीच्या, आणि पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा चुरा होऊ नये म्हणून ती पिशवी कोणीतरी अमरावतीपर्यंत अधांतरी धरून बसतं. गाडी सुरू होते. इंजिन आपला आवाज काढतं, भाऊ त्याच्या वरच्या पट्टीत गाणं लावतात, आणि "प्रवास कसा झाला?" हे त्याच्याही वरच्या पट्टीत विचारतात.

गाणं मात्र पुरं कधी लागत नाही. अंतरा यायच्या आत ते पुढं सरकतं. त्यांना गाणं नको असतं, गाण्यातली एखादी जागा हवी असते. आर. डी. बर्मनच्या गाण्यात मागं कुठंतरी काहीतरी खुळखुळतं, तेवढंच. "हे आयका... थांबा... आता! आला का? डाव्या अंगानं आला का?" आला म्हणावं. नाही म्हणणाऱ्यासाठी गाडी बाजूला घेऊन तो तुकडा पुन्हा वाजवला जातो.

नवा डेक आणला तेव्हा खोक्यावर 50×4 छापलेलं होतं. म्हणजे चार स्पीकर, दर स्पीकरला 50 वॅट, एकूण 200. हा आकडा भाऊंनी साऱ्या मोहल्ल्यात फिरवला. डेक बसवणारा पोट्टा अमरावतीचा, आयटीआय झालेला. त्यानं डेक उलटा करून पाठीमागचा फ्यूज दाखवला. "काका, ह्या फ्यूजवर 10 अँपिअर लिवलं हाय. गाडी चालू असली तं व्होल्ट भेटते 14. दहा चोक चाळीस अन् शंभर, 140 वॅट. आत 140 जाते अन् भाईर 200 कसे येईन?" 140 किलो गहू दळून 200 किलो पीठ देणारी चक्की बडनेऱ्यात असती, तर एव्हाना कोणी स्टेशनवर हमाली केली नसती. हे भाऊंनाही कळतं. पण खोक्यावर छापलंय म्हटल्यावर ते खोटं कसं असेल? खोकं अजून कपाटावर ठेवलंय, आकडा दिसेल अशा बेतानं.

त्याच पोट्ट्यानं आणखी एक सांगितलं, की वॅट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला पाहिजे असेल तर दहापट वॅट लागतात. भाऊंनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. अ‍ॅम्प आला तो असा.

अ‍ॅम्पसोबत "कुईं" आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी ती चढते, सोडला की उतरते. स्पीकरमधून अल्टरनेटर गातो, कारण अ‍ॅम्पची अर्थिंग रंगावरच कसलेली. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळला की बहुतेक वेळा हे गाणं थांबतं. पण भाऊ खरवडू देत नाहीत. गाडीच्या रंगावर त्यांचं भारी प्रेम! डेकमधलं घड्याळही असंच. आधीच्या कोणा मिस्त्रीनं लाल आणि पिवळी वायर उलटी जोडली. पिवळीला बॅटरीतून कायम करंट पाहिजे, लालला किल्ली फिरवल्यावर. उलटं झालं की किल्ली काढताच डेक सगळं विसरतो. त्यामुळे भाऊंच्या गाडीत बसताना कधीही पाहा, बारा वाजलेले असतात.

घरी याला विरोध आहे, पण तो तोंडी. वहिनी म्हणतात, "मिक्सर बिघडला तं यायच्याजवळ पैसे नसते. नवा टिटर दिसला का भेटते बराबर." आईंची तक्रार वेगळी. त्यांना शेगावला नेताना भाऊंनी श्रद्धेनं गजानन महाराजांची आरती लावली, ऊफरसकट. दोन ओळी झाल्या आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "बंद कर रे बाबू. माह्या छातीत धडधड करून रायलं, अन् महाराजाचं नाव तं आयकूच नाई येत."

शेगाव हे तसं निमित्तच. भाऊंचं खरं तीर्थ म्हणजे अकोल्याचा हायवे. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. देशानं त्यात वेग पाहिला. भाऊंना त्यात टायरचा कमी आवाज ऐकू आला. "रोड कोनासाठी बनवला म्हनता? आपल्यासाठीच!" गुळगुळीत रस्त्यावर काचा वर करून त्यांनी आवाज वाढवला, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की चारही दारं खडखडतात. नंबर प्लेटसुद्धा तालात.

पोट्टा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. दाराचं पॅड काढलं की आत पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पुढचा आवाज आणि मागचा आवाज त्या भोकांतून एकमेकांना भेटतात आणि बास खाऊन टाकतात. डॅम्पिंगच्या शीटनं ती भोकं बुजवा, पत्र्याला आतून शीट चिकटवा, 4 ओहमचे बरे स्पीकर घाला. जुना कंपनीचा डेकही गाऊ लागतो, आणि खर्च ऊफर-अ‍ॅम्पच्या मानानं किरकोळ. भाऊंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन पॅड लावल्यावर थे दिसन काय?"

नाही दिसणार, म्हणाला.

"मंग कायले?" भाऊ म्हणाले, आणि निळा लाइट पडणारी ऊफरची जाळी घेऊन आले.

मला विचाराल तर भाऊंचा कान वाईट नाही. त्या खुळखुळ्याची जागा त्यांनी बरोबर पकडलेली असते. फक्त खरेदीला जाताना ते डोळे नेतात आणि कान घरी ठेवून जातात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि हात शिवशिवत असतील, तर आधी दारं उघडून घ्या, डेकचं मग पाहू. कंपनीचा कपलर कोणालाही कापू देऊ नका. गाडी विकताना जुना डेक परत बसवावा लागतो. अ‍ॅम्प लावलाच तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज टाकून घ्या, नाहीतर वायर घासून गाडी पेटायची. आणि बडनेरा स्टेशनवर कोणी प्रेमानं "चला, सोडून देतो" म्हणालं, तर हो म्हणायच्या आधी डिक्की उघडायला सांगा.