मात्रेचा पाचवा हिस्सा

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ऐकायचा असेल तर आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून यावं. 14 मात्रा, आणि एकेका मात्रेला तीन-चार सेकंद. समेवरून निघालेला तबला पुन्हा समेवर येईपर्यंत आधण उकळून चहा गाळता येतो. इंदूर घराण्याची ही ठेव गावाने फारच मनावर घेतलेली दिसते. इथे सातची मैफल आठला सुरू झाली तर लोक ‘आज वेळेवर’ म्हणतात, आणि खायचा सराफा तर सोन्याची दुकानं बंद झाल्याशिवाय मांडलाच जात नाही.

अशा गावात, रामबागेतल्या आमच्या घरी, मिलिसेकंदांवरून वातावरण तापावं याला काय म्हणणार?

झालं असं, की लेकीने परगावी जाताना तिचा जुना लॅपटॉप, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि माइक आमच्याकडे ठेवला. आमच्या तबलजी मित्राने एका दुपारी येऊन दादरा वाजवून दिला. पुढे हिने सवडीने, कानाला हेडफोन लावून, त्याच्यावर एक भावगीत गायलं. दोन्ही एकत्र लावून ऐकताना तबलजींनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “आवाज एकदम गोड वहिनी, पण तुम्ही जरा मागे राहता.”

वहिनींनी ‘गांधर्व’च्या परीक्षा दिलेल्या. “मी समेवर होते,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. तो अगदी लयीत होता.

आता मुळात उशीर कुठे होतो? कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने पुढे देत नाही, घमेल्याने देतो. सेकंदाला 48,000 नमुने येत असतात. त्यातले 512 जमले की एक घमेलं भरलं, मग ते पुढे सरकणार. हे घमेलं म्हणजे बफर, आणि ते भरायला लागतात सुमारे 10.7 मिलिसेकंद. आवाज बाहेर जाताना एक घमेलं, आत येताना एक. शिवाय इंटरफेसच्या पोटातली उलाढाल, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची साठवण, ते वेगळंच. तबला हेडफोनात पोचतो तोच उशिरा. ही त्याच्याबरोबर चोख गाते. तिचा आवाज आत जायला पुन्हा वेळ जातो. सॉफ्टवेअर मात्र तबला आपण पाठवला त्या क्षणापासून मोजत बसलेलं. गाणारी वेळेवर, नोंद उशिराची.

यात दुखणी दोन आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात. गाताना स्वतःचाच आवाज कानात उशिरा येत असेल तर बफर 128 किंवा 64 वर आणावा. लॅपटॉप म्हातारा असेल तर तो लगेच चरचरायला लागतो; मग इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग लावावं, म्हणजे आवाज कॉम्प्युटरची वारी न करता माइकवरून सरळ हेडफोनात येतो. ब्लूटूथ हेडफोन तर या कामाला नकोतच. ते एकटेच सहज 100 मिलिसेकंदांच्या वर खातात. पण गाताना सगळं ठीक वाटलं आणि रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागे पडलेला निघाला, तर बफर कितीही पिळा, मुळावर घाव बसत नाही. तिथे उशीर मोजावा लागतो आणि तेवढा ट्रॅक अलीकडे ओढावा लागतो. आमचं दुखणं हे दुसरं.

मोजायची रीत मला फार आवडली. एक केबल घ्यायची, इंटरफेसच्या आउटपुटमधून काढून त्याच्याच इनपुटमध्ये खुपसायची. सॉफ्टवेअरमधलं लेटन्सी कॉम्पेन्सेशन, म्हणजे उशिराची आपोआप होणारी भरपाई, शून्यावर ठेवायचं. मग क्लिक ट्रॅक वाजवायचा आणि तोच परत रेकॉर्ड करायचा. पडदा मोठा करून पाहिलं तर वरच्या ओळीत एक टोकदार सुळका, खालच्या ओळीत हुबेहूब तसाच, पण उजवीकडे सरकलेला. अंतर निघालं 210 मिलिसेकंद. आम्ही वापरतो त्या ऑडॅसिटीत उणे 130 हा आकडा आधीच भरलेला असतो, पण तो सरसकट अंदाज. प्रत्येक घरच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. आमच्याकडे 80 मिलिसेकंद उरत होते. दादऱ्याची लय मिनिटाला 150 मात्रांची, म्हणजे मात्रा 400 मिलिसेकंदांची. तिचा बरोबर पाचवा हिस्सा. खाँसाहेबांच्या झुमऱ्यात एवढ्याशा उशिराने कोणाची मांडी मोडली नसती; दादऱ्यात संसार हलतो.

हिला बोलावून दाखवलं. मधे गळा नाही, लय नाही, नुसती तार, तरी उशीर. तिने चष्मा लावून दोन्ही सुळके नीट न्याहाळले आणि विचारलं, “याची प्रिंट काढता येते का?”

कॉम्प्युटरच्या माथी सगळं मारण्यातही अर्थ नाही. अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवाल्याने 1948 साली ‘लव्हर’ नावाच्या रेकॉर्डमध्ये स्वतःच्याच गिटारीवर स्वतःची गिटार चढवत नेली. तेव्हा डिस्क होती. जुनं वाजतंय, नवं वाजवतोय, दोन्ही एकाच क्षणी नव्या डिस्कवर उतरतंय, मग कोण कोणाच्या मागे राहणार? पंचाईत झाली ती मल्टिट्रॅक टेप आल्यावर. रेकॉर्ड करणारं हेड एकीकडे, ऐकवणारं दुसरीकडे. टेप सेकंदाला 15 इंच धावते, हेडांमध्ये दोन इंचांचं अंतर धरलं तर झाले 133 मिलिसेकंद. ॲम्पेक्स कंपनीने तोड काढली: रेकॉर्डच्या हेडनेच जुने ट्रॅक ऐकवायचे. याला सेल-सिंक म्हणत, आणि ती सोय असलेलं आठ ट्रॅकचं यंत्र 1957 साली लेस पॉलच्याच घरी गेलं. घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांची जात जुनीच आहे.

आणि हवा तरी कुठे वक्तशीर? आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. गणपतीच्या मांडवात पेटी पुढे आणि आपण 15 मीटर मागे, तर पेटी आपल्याला 44 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. मागच्या रांगेतल्या काकांची आरती रेंगाळते त्यातला एवढा भाग माफ. बाकीचा त्यांचा.

पुढच्या रेकॉर्डिंगसाठी उणे 210 भरलं, झालेला ट्रॅक 80 मिलिसेकंद अलीकडे ओढला आणि गाणं पुन्हा लावलं. आवाज तबल्यावर असा बसला की मला उगाचच स्वतःचं कौतुक वाटलं. पण धूळ पुसल्यावर काचेचा चरा दिसावा तसं एक नवंच ऐकू येऊ लागलं. सुरुवातीला 150 ची लय शेवटच्या अंतऱ्यात 158 वर गेली होती. तबला पळत होता आणि ही बिचारी त्याच्याबरोबर धावत होती. याला कॉम्पेन्सेशनचा उपाय नाही. तो आकडा ठरलेल्या उशिराला चालतो, वाढत्या उत्साहाला नाही.

हे तबलजींना सांगायचं कोणी, यावर घरात एकमत नाही. “तुमचा मित्र, तुम्ही सांगा,” ही म्हणते. तो रविवारी सकाळी नऊला येतोय, म्हणजे दहाला. हिचं म्हणणं, दारातच प्रिंट हातात द्या. माझं म्हणणं, आधी पोहे-जलेबी होऊ दे.