काय व्हतंय शेठ

धोका ओळखावा तर काय व्हतंय शेठनीच. गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की त्याची उधारी वसूल होणार की बुडणार, हे ते त्याच्या चपलांवरून सांगतात. मिरगाआधी आभाळ भरून आलं की साखरेची पोती भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतात. पोत्यांखाली लाकडी फळ्या, पोह्यांच्या पिंपाला घट्ट झाकण, शेंगदाण्यांसाठी उंदराचा पिंजरा आणि गल्ल्याशेजारी पुतण्या बसला तर खिशात किल्ली. मोठमोठ्या कंपन्या ज्याला जोखीम मूल्यांकन म्हणतात आणि त्यासाठी माणसं पगारावर ठेवतात, ते शेठ सकाळी शटर उघडता उघडता तोंडी करून मोकळे होतात. फक्त त्यांच्या यादीत माल असतो. माल चढवणारा, उतरवणारा, मापणारा माणूस त्या यादीत आजवर शिरलेला नाही.

भोकरदनच्या बाजारात एक चक्कर मारली की हे शेठ भेटतातच. कुठे त्यांचं किराणा दुकान असतं, कुठे कपड्याचं, कुठे भांड्यांचं. एकाला लोक नाना म्हणतात, दुसऱ्याला भाऊ. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच : ‘काय व्हतंय, बाप्पा!’

त्यांच्या किराणा दुकानातली घोडी बघण्यासारखी आहे. लाकडी, वडिलांच्या काळातली. चारातले तीन पाय जमिनीला टेकतात. चौथ्याखाली बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातलेला असतो. पुठ्ठा चेपला की शेठ स्वतः गादीवरून उठतात, नवा पुठ्ठा सरकवतात, घोडी दोनदा हलवून बघतात आणि इंजिनिअरच्या थाटात मागे सरतात. पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी होती. ती तुटली, तिथे सुतळी आली. सुतळीला इतक्या गाठी आहेत, की ती मूळची किती लांब होती हे आता सांगता येणार नाही.

अर्थात दुकानातलं पोरगं घोडी सहसा वापरत नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असली की कोण घोडी ओढत बसणार? ते एक पाय साबणाच्या फळीवर आणि दुसरा चहापत्तीच्या फळीवर देऊन सरळ वर चढतं. खालून शेठ ओरडतात, ‘सांभाळून रे!’ आपल्याला वाटतं, चला, माया आहे. मग वाक्य पूर्ण होतं : ‘तिथं काचंच्या बरण्या हायेत!’

दुकानात आग विझवायचा लाल सिलिंडरही आहे. बँकेने कर्ज देताना लावायला लावला म्हणून आहे. त्याच्या मुठीवर शेठचा गमछा वाळतो. लक्ष्मीपूजनाला गल्ल्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. त्याच्यापुढे तेलाचे डबे रचलेले असतात. म्हणजे आग लागलीच तर ती विझवण्याआधी तेल बाजूला करावं लागेल. त्याच्यावरच्या छोट्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. तो कधीच घसरून लाल पट्ट्यात गेला आहे. कुणी दाखवलं तर शेठ म्हणतात, ‘टाकी लाल, काटाबी लाल. बरोबरच हाये की!’

एकदा वायरमन आला होता. एकाच बोर्डावर फ्रिज, कूलर, इलेक्ट्रॉनिक काटा आणि देव्हाऱ्यातली माळ बघून तो बिचारा गप्प बसला. फ्यूज उघडल्यावर मात्र बोललाच.

‘शेठ, ह्या फ्यूजात एवढी जाड तार कोणी घातली?’

‘मीच. बारीक तार सारखी जळायची ना.’

‘अहो, जळायसाठीच असते ती! ती जळली नाही तर भिंतीतली वायर जळंल.’

‘भिंतीतली कुठं दिसती?’

यावर वायरमनने पैसे घेतले आणि तो निघून गेला.

कायद्याचं म्हणाल तर शेठ कायद्याला फार मानतात. राज्याचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला, त्यात दहा कामगारांचा आकडा होता. त्याहून कमी असतील तर तेव्हा नोंदणी नको होती, नुसती सूचना दिली की भागायचं. तेव्हापासून शेठकडे नऊच माणसं आहेत. दहावा भाचा आहे, अकरावा ‘आपल्या गावाकडचा, घरच्यासारखाच’, आणि बारावी बाई फक्त सणासुदीला येते, म्हणजे पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. साखरेचं पोतं ५० किलोचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली होती. म्हणजे इथेही शेठ पाच किलोने नियमात बसतात. आता ते पोतं चपला घालून, उभ्या शिडीवरून, अंधाऱ्या माळ्यावर चढतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या भावाचं साडी सेंटर शेजारीच आहे. तिथल्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या. स्टूल ठेवा म्हटलं की उत्तर येतं, ‘बसलेलं बरं दिसत नाही गिऱ्हाइकासमोर.’ हे उत्तर गादीवर लोडाला टेकून दिलं जातं. केरळात कापडदुकानांतल्या बाया याच गोष्टीवरून भांडल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी बसायचा हक्क कायद्यात लिहून घेतला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. हे ऐकून भाऊ म्हणाले, ‘तिकडं पाऊस लई ना, म्हणून.’ पावसाचा आणि बसण्याचा संबंध काय, ते मला अजून लागलेलं नाही.

फार मागे लागलं तर शेठ इतिहास काढतात. ‘हे भोगवर्धन हाये, भोगवर्धन! सातवाहनाच्या काळापासून बाजार हाये इथं. दोन हजार वर्षांत कोणाला काय झालं?’ इतिहास त्यांचा पक्का आहे. केळणेकाठच्या या गावाचं नाव सांची आणि भरहुतच्या दानलेखांतही येतं. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे, असं अभ्यासक सांगतात. पण पाँपेईचं नाव निघायला नको होतं. तिथेही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच होती. इ. स. ६२ मध्ये मोठा भूकंप होऊन शहर हादरलं. दुकानदारांनी भिंती लिंपल्या, गल्ले पुन्हा मांडले. काय व्हतंय, हे लॅटिनमध्ये कसं म्हणतात मला ठाऊक नाही, पण म्हणाले असणार. सतरा वर्षांनी शेजारच्या व्हेसुव्हियसने अख्खं गाव राखेखाली घातलं.

गेल्या दिवाळीत शेवटी व्हायचं ते झालं. पुठ्ठा सरकला, सुतळी तुटली आणि पोरगं तेलाच्या डब्यासकट खाली आलं. शेठ पहिल्यांदा ओरडले ते, ‘डबा फुटला का रे?’ हे खरं. पण त्यानंतर त्यांनीच त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, मनगटाच्या प्लास्टरचे पैसे दिले, महिनाभराचा पगार घरी पोचवला आणि रोज संध्याकाळी अर्धा लिटर दूध. मनाने माणूस वाईट नाहीच. त्या सगळ्या खर्चात लोखंडाच्या दोन चांगल्या घोड्या आल्या असत्या, हे त्यांच्या लक्षात कोणी आणून दिलं नाही, कारण हिशेबाच्या बाबतीत शेठना शिकवायला कोण जाणार?

त्यांनी आपल्या परीने उपाय मात्र लगेच केला. घोडीला नवी सुतळी बांधली आणि सुतळीला लिंबू-मिरची.

तेव्हा भोकरदनला गेलात आणि अशा दुकानात शिरलात तर वरच्या फळीवरचं काही मागू नका. खालच्या फळीवर जो साबण असेल, त्यानेच अंघोळ करा.