मा. श्री. ॲडमिन यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. ॲडमिन,
मु. पो. १९२.१६८.१.१
(टीव्हीच्या मागे, धूळ पुसायची राहून जाते तिथे)

स. न. वि. वि.

आपली आमची प्रत्यक्ष ओळख नाही. पण घरच्या राउटरचे सर्वाधिकारी आपण आणि ब्रॉडबँडचं बिल आमच्या नावावर, एवढा संबंध पत्र लिहायला पुरेसा आहे.

आधी पत्त्याचं कौतुक करतो. शेजारच्या फ्लॅटमध्येही आपण बहुधा याच पत्त्यावर असता, समोरच्या विंगमध्येही. नव्वदच्या दशकात इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी १९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवले. बाहेरच्या जगात ते चालतच नाहीत, म्हणून लाखो घरांनी एकच पत्ता वापरला तरी भांडण होत नाही. पत्ता तोच, नाव तेच, आणि पासवर्ड म्हणजे पुन्हा नावच. इतकी साधी राहणी हल्ली कुठे बघायला मिळते?

दर्शन मात्र सोपं नाही. पत्ता टाकताना कित्येक भाविक एकच्या जागी इंग्रजी एल टाकतात आणि गूगलच्या दारात जाऊन पडतात. नीट टाकला तर ब्राउझर बजावतो की हे पान सुरक्षित नाही. तरी रेटून आत गेलं की समोर वॅन, लॅन, डीएचसीपी अशी पाटी. त्यात ओळखीचा शब्द एकच, लॉगआउट. मंडळी तोच दाबून सुखरूप परत येतात.

आमच्या घरी पासवर्डवरून जी युद्धं झाली ती सगळी वायफायच्या पासवर्डवरून. पाहुणा चप्पल काढता काढता तो विचारतो. वरच्या मजल्यावरची मुलं तो वापरतात असा संशय आला की आम्ही बदलतो. त्यात मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, डॉलरचं चिन्ह, सगळं घालतो आणि मग पाहुण्याला अक्षर अक्षर सांगताना जीव जातो. या धामधुमीत आपल्याकडे कुणी बघतही नाही. वायफायवर जो आला, त्याला आपल्या पानापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागतं. तिथे आमचा तो डॉलरवाला पासवर्ड बऱ्याचदा वाचायलाही मिळतो आणि बदलायलाही. म्हणजे पाहुणा मनात आणील तर यजमानालाच घराच्या नेटबाहेर काढू शकतो. आपण हरकत घेणार नाही. आपण आजवर कुणालाच नाही म्हटलेलं नाही.

चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना हे कुणीतरी सांगायला हवं. त्यांनी नववीतल्या चिरंजिवांचा फोन रात्री दहाला नेटवरून तुटेल अशी सोय लावून घेतली आणि सोसायटीच्या सभेत तिच्यावर छोटं भाषणही केलं. चिरंजीव दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आले. ॲडमिन, ॲडमिन. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, स्वतःचा फोन नियमातून काढला आणि त्या जागी बाबांचा घातला. आता साहेबांचं नेट रोज दहाच्या ठोक्याला जातं. ते कस्टमर केअरला फोन लावतात. तिकडून सांगतात, ‘सर, राउटर बंद करून चालू करा.’ साहेब करतात. नियम आपल्या स्मरणात पक्का असल्याने फरक पडत नाही. चिरंजीव आतल्या खोलीत अभ्यास करत असतात.

आपले दुसरे जिव्हाळ्याचे म्हणजे केबलवाले दादा. ‘साहेब, सेटिंगला हात लावू नका, आयडी उडेल,’ एवढं एकच वाक्य त्यांनी आम्हाला शिकवलं. ते अगदीच खोटं नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो आणि कनेक्शनचा आयडी-पासवर्ड पुसला जातो. तो असतो दादांच्या फोनमध्ये. दादा असतात सिग्नलला. शिवाय दादांनी सगळ्या इमारतीला एकच पासवर्ड लावलेला असल्यामुळे आपल्या कुटुंबात एकोपा टिकून आहे. काही कंपन्या तर ग्राहकाला आपल्यापर्यंत येऊच देत नाहीत. त्याला एक छोटा पाहुण्यासारखा लॉगिन देतात आणि खऱ्या किल्ल्या स्वतःच्या ऑफिसात ठेवतात.

आपली कीर्ती आमच्या विंगपुरती नाही, हे मला उशिरा कळलं. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाच्या पोरांनी मिराई नावाचा प्रोग्राम लिहिला. माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरवरची हाणामारी हे त्यामागचं एक कारण. त्याच्या पोटात नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या होत्या, कारखान्यातून निघतात तशा. राउटरला बाहेरची बाजूही असते. तिकडून जगभरच्या राउटरांची आणि कॅमेऱ्यांची दारं वाजवायची आणि यादी वाचून दाखवायची, एवढंच काम. लाखो दारं उघडली. २१ ऑक्टोबरला या फौजेने वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर लोंढा सोडला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे झाले. ॲडमिन-ॲडमिन ही जोडी त्या यादीत होती. अभिनंदन. जुलै २०१७मध्ये भारतात बीएसएनएलच्या मोडेमांवर असाच घाला पडला, तेव्हा कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. बऱ्याच घरी बदलला गेला तो वायफायचाच, अशी माझी शंका आहे.

आणखी एक कला आपण हातची सोडलेली नाही. आपल्या पानावर डीएनएसचे दोन रकाने असतात. बँकेचं नाव टाकलं की कुठे जायचं हे तिथला आकडा ज्या सर्व्हरकडे बोट दाखवतो तो ठरवतो. आकडा बदलला की नाव बँकेचं आणि दुकान दुसऱ्याचं. ब्राउझर अशा वेळी सर्टिफिकेट चुकल्याची कुरकुर करतो. पण तसलीच कुरकुर ऐकून ‘पुढे चला’ दाबायची सवय आम्हाला आपल्याच पानाने लावलेली आहे. या दूरदृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडी.

परदेशात मात्र आपल्यावर वाईट दिवस आलेत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड देऊन विकायला कायद्याने बंदी केली. तिथे आता प्रत्येक खोक्याला निराळा पासवर्ड द्यायचा, नाहीतर ग्राहकाकडून नवा ठेवून घ्यायचा. इकडेही नव्या राउटरांच्या बुडाला तसलं स्टिकर दिसू लागलंय. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पावलाची असल्यामुळे फोटो काढून मोठा केल्याशिवाय वाचता येत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

आमच्या घरातही फितुरी झाली आहे. धाकटी लेक रविवारी येते आहे. येण्याआधी ‘बाबा, राउटर कोणता आहे त्याचा फोटो पाठवा,’ असा निरोप आलाय. ती आपला पासवर्ड बदलणार, बाहेरून लॉगिन करायची सोय बंद करणार आणि फर्मवेअर अपडेट करणार, असं दिसतं. पाहुण्यांसाठी वेगळं वायफायही लावणार म्हणे. तेव्हा जे काही आवरायचं ते शनिवारपर्यंत आवरून घ्यावं.

कळावे,
आपला नावापुरता मालक

ता. क. नवा पासवर्ड कुठे लिहायचा यावर घरात वाद झाला. हिने तो कालनिर्णयवर, गॅसचा नंबर लावल्याच्या तारखेखाली लिहायचं सुचवलं. लेक म्हणते चालेल, कारण मिराईला भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या चिरंजिवांना येतं, म्हणून डिसेंबरच्या पानावर लिहिणार आहोत.