होडीचं ओझं

आम्ही कनू लेकच्या धक्क्यावरून निघालो. १९१७ साली चित्रकार टॉम थॉमसन याच तळ्यावर कनू होडी घेऊन निघाला आणि आठवड्याभराने त्याचं प्रेतच सापडलं. ही माहिती मेहुण्याने मला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना पुरवली.

हे तळं ऑन्टॅरिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये आहे. पार्क १८९३ सालचं. साडेसात हजार चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात हजाराच्या वर तळी. दोन तळ्यांमध्ये जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालायचं, याला पोर्टेज म्हणतात. वाटेच्या तोंडाशी पिवळ्या पाटीवर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. चढ, चिखल आणि डास यांबद्दल पाटी काही बोलत नाही. केव्हलरची हलकी होडीसुद्धा वीसेक किलोंची. ती उलटी करून मधलं जू खांद्यांवर टेकवलं की जगात फक्त आपले बूट उरतात. आणि डास. बाहेर पाऊस असावा तसे ते आत आसऱ्याला येतात.

पाण्यावर मात्र मेहुणा मागे बसून होडी वळवायचा, मी पुढे बसून खडक दिसला की ओरडायचो. घरातही माझ्याकडे साधारण हेच खातं आहे.

अखेर आम्हाला गाठायचं होतं ते तळं आलं. नाव सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. पर्वती चढायला लागतो त्याहून कमी वेळात त्याला फेरी मारून झाली. तरी मेहुणा गुडघ्यावर नकाशा पसरून कोपरा न् कोपरा शोधत होता. एका कोपऱ्यात बीव्हरने फांद्या आणि चिखल रचून घातलेला बांध निघाला. ना टेंडर, ना उद्घाटन, आणि पाणी अडलेलं! लाल डोळ्यांचा एक लून पक्षी आमच्यासमोर बुडी मारायचा आणि मी बोट दाखवीन त्याच्या नेमक्या उलट्या दिशेला वर यायचा.

पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी, त्यामुळे लोणच्याची बरणी गाडीतच राहिली होती. उरलेली भाकरवडी अस्वलाच्या भीतीने रात्री झाडाला टांगली. सोबत टूथपेस्टही, कारण अस्वल वासाच्या बाबतीत आवडनिवड ठेवत नाही. अस्वल आलं नाही. मला मात्र रात्रभर ती भाकरवडी दिसत होती.

सकाळी मेहुण्याने पुन्हा नकाशा उघडला.

"दाजी, परत दुसऱ्या वाटेने जाऊ. पोर्टेज जरा लांब आहे, पण वाटेतला देखावा बघण्यासारखा आहे."

"होडीखालून?" मी विचारलं.