आजोबांचं मँडोलिन

ऑनलाइन जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांइतके व्यासंगी पंडित विद्यापीठातही मिळायचे नाहीत. शिकागोच्या हार्मनी कारखान्यातून ढिगाने निघालेलं, सिअर्सच्या कॅटलॉगातून ‘सिल्व्हरटोन’ नावाने घरोघर गेलेलं स्वस्तातलं मँडोलिन त्यांच्या हाती पडलं, की त्याचं सोनं होतं. प्लायवूडवर रंगाने ओढलेल्या लाकडाच्या रेषा म्हणजे ‘हस्तकला’. मान वाकली, तर ‘वयाचं तेज’. आठांपैकी पाचच तारा उरल्या, तर ‘मूळ तारांसह’.

साल ठरवण्याची पद्धत तर निव्वळ शास्त्रशुद्ध. आजोबांनी घेतलं म्हणजे १९३०; माळ्यावर सापडलं म्हणजे त्याच्याही आधीचं. भोकातून बॅटरी मारून आतला शिक्का वाचणं हा वस्तूचा, आणि आजोबांचाही, अपमान. किंमत गिब्सन कंपनीच्या नावाजलेल्या एफ-५ मँडोलिनवरून काढतात. त्यावर १९२२ ते १९२४ मध्ये गिब्सनच्या लॉइड लोअर या रचनाकाराची सही असे, इथे नाही. पण पेन काय महाग आहे?

अशा विद्वत्तेला दाद म्हणून मीही एक घेतलं. खोकं उघडलं. बॅटरी मारली. शिक्का वाचला, बॅटरी विझवली आणि जाहिरात लिहायला बसलो: ‘आमच्या आजोबांचं...’