बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या?

मे महिन्यात धुळ्याचा पारा ४४ला टेकला की मोठ्यांच्याही बेरजा चुकतात. नेमकं त्याच महिन्यात मुलांनी गणित विसरायचं नाही, असा माझ्या धाकट्या बहिणीचा हट्ट. पुण्याहून पोरांसोबत वर्कबुकांचा गठ्ठा आला आणि मागोमाग फोन, "दादा, रोज दोन पानं झालीच पाहिजेत हं!"

कूलर लावला की पानं उडतात. बंद केला की पोरं उठतात. अभ्यास व्हायचा कधी?

त्यात सातवीतली भाची म्हणजे वकीलच. "मामा, बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? तरी जळगावच्या विद्यापीठाला नाव त्यांचंच ना?"

खरं होतं. १८८० साली आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि १९९०च्या विद्यापीठाला २०१८मध्ये त्यांचं नाव लागलं. मी म्हटलं, "अगं, पण त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या मुलाने, सोपानदेवांनी. ते शिकलेले होते म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. नाहीतर सगळं घरोटावरच राहिलं असतं."

"बरं," तिने वही उघडली, "तू रचलेलं काय आहे ते सांग. मी उतरवून घेते."

मी पाणी प्यायला उठलो.

धाकट्या भाच्याचा अभ्यास मात्र आपोआप मार्गी लागला. सकाळी आई गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या घालते. कावळे हाकायला तो बसला, हाताशी पेपर. आई ओरडली, "मनमा काय वाची राह्यना? जोरमा वाच, माले बी ऐकू दे!" तेव्हापासून रोज रावेरचे केळीचे भाव आणि निधनवार्ता, याच क्रमाने, खणखणीत वाचन. अडखळला की आई दुरुस्त करते; निधनवार्तेत तर नातंही समजावून देते. (मराठीतली नाती शिकायला याहून खात्रीचं पुस्तक मला माहीत नाही.)

आखाजीला खानदेशात पत्त्यांचा डाव बसतोच. आमच्याकडे शेंगदाणे लावून. वर्कबुकात हातचा विसरणारा हाच भाचा आजीकडची शेंगदाण्यांची उधारी पुढच्या आठवड्यातही दाण्यानिशी सांगत होता. आजी म्हणे, खाऊन टाकले. तोंडी व्याज आकारलं गेलं.

तेव्हा पुण्या-मुंबईतल्या खानदेशी आईबापांनो, लेकरं बिनधास्त पाठवा. फक्त बॅगेतली वर्कबुकांची जागा रिकामी ठेवा. जूनमध्ये शाळेसाठी परतताना तिथे बिबड्या भरायच्या असतात.